एक जिन्नस कमी

वंदना, माझी बायको, मंगळवारी सकाळी गेली. तेराव्याच्या जेवणानंतर माझ्या वहिनीने सासूबाईंना लिंबाच्या बिस्किटांची कृती विचारली आणि सासूबाईंनी ती तिथल्या तिथे सांगितली. एक जिन्नस गाळून.

दुःखात राहून गेलं असेल, असं वहिनीला वाटलं. तसं नव्हतं. कासार आंबोलीच्या हौसाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ही कृती कुणालाच पूर्ण सांगत नाहीत. नाही म्हणत नाहीत, हे विशेष. विचारणाऱ्याला बसवतात, चहा देतात, मैदा किती, तूप किती, पिठीसाखर किती, सगळं हाताच्या ओंजळीने दाखवतात आणि शेवटी दोन्ही तळवे झटकून म्हणतात, "येवढंच हाय त्याच्यात. लई काय न्हाई."

असतंच काहीतरी.

गाळलेली गोष्ट माणसागणिक बदलते. शेजारच्या शोभाला त्यांनी दही सांगितलं नव्हतं. तिची बिस्किटं इतकी कडक झाली की तिच्या सासऱ्यांनी कवळी काढून ठेवली आणि बिस्किटं चहात भिजवून खाल्ली. ग्रामसेवकाच्या बायकोला साल किसताना आतला पांढरा भाग घ्यायचा नाही, हे सांगायचं राहिलं. तिच्या घरी कुणी महिनाभर बिस्किटाचं नाव काढलं नाही. आणि गावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका कामगाराच्या बायकोला तर त्यांनी लिंबूच सांगितलं नाही. तिची बिस्किटं उत्तम झाली. फक्त ती लिंबाची नव्हती.

मग भांडायला माणसं येत.

"आक्का, तुमी मला दही बोललाच न्हाईत!"

"न्हाई बोलले? आगं बया. मंग आता बोलते. बस की, चा टाकते."

शोभा तावातावाने आलेली असे आणि तासाभराने लिंबाचं लोणचं घेऊन जात असे. गावात कुणाला त्यांचा राग आल्याचं मला आठवत नाही. "आक्कानं सांगितलं" याचा अर्थ तिथे "थोडं बाकी आहे" असा होतो.

कृती त्यांच्या वडिलांची. ते जवळच्या धरणावर, तिथल्या साहेबांच्या बंगल्यात आचारी होते. साहेब बदलून गेले, बंगल्याची रया गेली, पण बिस्किटं यांच्या घरात राहिली. बंगल्यात भट्टी होती, आंबोलीत नाही. म्हणून सासूबाई पीठ मळून, पितळेच्या डब्यात घालून, टमटमने पिरंगुटच्या बेकरीत नेतात. आमच्याकडे पुष्कळ बायका असंच करतात. पीठ आपलं, भट्टी बेकरीची. बाकीच्या डबा देऊन बाजार करायला जातात. सासूबाई भट्टीसमोर स्टूल टाकून बसतात. आपला बिस्किटांचा पत्रा दुसऱ्याच्या पत्र्याला लागू देत नाहीत. अदलाबदल नको म्हणून प्रत्येक बिस्किटावर अंगठा दाबतात. भट्टीवाला हिंदी बोलतो, त्या मराठी बोलतात आणि भांडण दोघांनाही नीट समजतं.

"अम्मा, नहीं जलेगा."

"तुजी जळत्यात. माजी न्हाई. काड भाईर."

वंदना गेल्यावर मला त्या चवीची ओढ लागली. ती असताना आमच्या महाळुंग्याच्या फ्लॅटमध्ये ओव्हनमधून पत्रा निघायचा आणि मी पुस्तकातून मान वर न करता हात पुढे करायचो. चव तोंडात राहिली, कृती कुठेच नव्हती. म्हणून मी आंबोलीला गेलो आणि रीतसर विचारलं.

सासूबाई जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. पदर सारखा करून त्यांनी मैदा, तूप, साखर सांगितली आणि तळवे झटकले.

माझी बिस्किटं पत्राभर पसरली आणि सगळ्यांचं मिळून एकच बिस्किट झालं. मी ते सुरीने कापून खाल्लं. पुढच्या रविवारी परत गेलो.

"पातळ तूप घातलं व्हय? थिजलेलं पायजे, जावईबापू. येवढंच हाय त्याच्यात."

त्यानंतरची कडू झाली. त्यानंतरची कडू नव्हती, पण वासच आला नाही. कधी मी त्यांच्या अंगणात हिरव्या वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलो, कधी त्यांचं वीजबिल मोबाइलवर भरून दिलं. जेवल्याशिवाय उठू देत नसत. थंडी सुरू झाली तरी माझी बिस्किटं काही सुधारली नव्हती.

एका रविवारी मी म्हणालो, "आई, वास अजून येत नाही."

मला वाटलं, "बसा, चा टाकते" येईल. ते आलं नाही. त्या उंबऱ्यावर बसून राहिल्या.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पर मंग तुमी याल का?"

मी त्यांच्यासमोर पायरीवर बसलो.

"लेक गेल्यावर जावई कुनाचा? चार महिनं येतो, मंग सनासुदीला फोन करतो. तसंच असतंय, तुमचं काय चुकत न्हाई." त्यांनी पदराने हात पुसले, ते कोरडेच होते. "वंदीला बी म्या सगळं न्हाई सांगितलं. म्हनलं, समदं कळलं तर पोरगी फिरकायची न्हाई. ती फोनवर म्हनायची, आई, बिघडली गं. म्या म्हनायची, ये, दावते. आन् ती तशीच गेली. आईनं लेकीला अर्धंच दिलं."

मी सावकाश बोलतो. त्या दिवशी आणखी सावकाश बोललो.

"आई, तिची बिस्किटं कधी बिघडली नाहीत."

"आं?"

"लग्नानंतर वर्षभरातच जमली होती. तुम्ही साखरेत काय चोळता ते तिनं मोरीच्या दारातून पाहिलं होतं, असं म्हणायची. काय ते मला नाही सांगितलं."

"मंग फोनवर कडू झाली म्हनायची ती?"

"मी समोर बसून तीच खात असायचो. कडू नव्हती. मी विचारलं होतं एकदा, खोटं का सांगतेस म्हणून. म्हणाली, जमली म्हटलं तर आई ये म्हणणार नाही."

सासूबाईंचा चेहरा हलला.

"लबाड!" त्या म्हणाल्या. "मला बनवलं व्हय कार्टीनं! येवढी वर्सं! आन् म्या हितं तिच्यासाठनं चा उकळत बसले!"

त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांवर गेला आणि डोक्यावरून पडला, तो त्यांनी उचलला नाही. मीही हसलो. वंदना गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग त्यांनी सांगितलं. किसलेली साल साखरेत चोळायची, हाताला तेल सुटेपर्यंत, आणि फडकं बांधून रात्रभर तशीच ठेवायची. तूप-मैदा सकाळी. मी विचारलं, आणखी काही? त्या म्हणाल्या, आता खरंच न्हाई.

त्या आठवड्यात मला बिस्किटं जमली. घरभर लिंबाचा वास होता. पुढच्या रविवारी मी डबा घेऊन आंबोलीला गेलो. त्यांनी एक खाल्लं, कडेने जरा करपल्याचं दाखवलं आणि चहा टाकला.

आता मी दर रविवारी जातो. विचारायला काही नसतं.