मैदानाबाहेरचे मोघे

मोघे दिवसभर फुटबॉलवर बोलत, पण आयुष्यात त्यांनी एकही सामना पूर्ण पाहिलेला नव्हता.

हे कळायला मला दोन महिने लागले. आमच्या कॅन्टीनमध्ये पहाटेच झालेल्या कुठल्याशा युरोपियन फायनलचं रेकॉर्डिंग लावलं होतं. सगळे टीव्हीकडे तोंड करून जेवत होते आणि मोघे टीव्हीकडे पाठ करून. गोल झाला, आरडाओरडा झाला. मोघ्यांनी भातात आमटी कालवता कालवता विचारलं, "कोणी मारला?"

मी नाव सांगितलं.

"म्हणजे याचा पंधरावा. आता करारातला बोनस लागू झाला. मालकाची आज झोप गेली." एवढं बोलून त्यांनी पापड मोडला.

आम्ही दोघं जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लँटमध्ये. मी इंजिनिअर, ते खरेदी विभागात, कंत्राटांचे कागद तपासायला. वय सत्तावन्न, अंगाने काटकुळे, सिंगापूरच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाचं बटण लावलेलं. सकाळी सहाला बुओना व्हिस्टा स्टेशनाबाहेरून कंपनीची बस सुटायची. मी नवा, पुण्याहून आलेला, मराठी ऐकून त्यांच्या शेजारी बसलो आणि पुढची चार वर्षं तिथेच बसत राहिलो.

त्या चाळीस मिनिटांत मला फुटबॉलचं जे शिक्षण मिळालं, त्यात चेंडू कुठेच नव्हता. कुठल्या मालकाने क्लब विकत घेताना कर्ज क्लबाच्याच डोक्यावर टाकलं, कुठल्या मॅनेजरला आपल्याला काढल्याची बातमी भाजी घेताना गल्ल्यावरच्या पोरीकडून कळली, कोणाचे गुण हिशेबातल्या गफलतीपायी कापले गेले, कुठल्या गोलकीपरची बायको कॅप्टनच्या बायकोशी बोलत नाही आणि त्यामुळे बचाव कसा ढिला पडला. "मैदानावर अकरा जण पळतात, दामले," ते मला म्हणायचे, "त्यांच्यामागे अकराशे वकील पळतात. ते बघायला शिका."

त्यांचं लाडकं वाक्य एकच होतं, "कलम काय म्हणतं?" कॅन्टीनचा आचारी नोकरी सोडून समोरच्या प्लँटमध्ये गेला तेव्हा सगळे रस्समच्या आठवणी काढत होते, तर मोघे विचारत होते, "पैसे न घेता फ्री ट्रान्सफर कशी दिली यांनी? कलमच नव्हतं?" ऑफिसातल्या एका मुलीने लग्नाची पत्रिका दिली. मोघ्यांनी ती पुढून वाचली, उलटून मागून वाचली आणि गंभीरपणे म्हणाले, "मुदत लिहिलेली नाही. चांगलं आहे." ती बिचारी अजून त्याचा अर्थ लावते आहे.

वर्षातून दोनदा खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपते. युरोपात तेव्हा रात्र असते, इथे सकाळ. आमच्या प्लँटमध्ये फोन न्यायला बंदी, तो गेटवर जमा करावा लागतो. त्यामुळे त्या दिवशी बसमध्ये मोघ्यांचा जीव टांगणीला. एका वर्षी एक मिडफिल्डर नव्या क्लबाच्या दाराशी गाडीत बसून होता आणि दोन क्लबांचं काही जुळत नव्हतं. बस पूल ओलांडून बेटावर शिरली तशी मोघे ड्रायव्हरजवळ जाऊन उभे राहिले.

"अंकल, जरा सावकाश."

"व्हाय? यू सिक आह?" ड्रायव्हरने विचारलं.

"मी ठीक आहे. तो गाडीत बसलाय."

ड्रायव्हरने आरशातून संपूर्ण बस पाहून घेतली आणि खरोखरच वेग कमी केला. तरी गेट आलंच. मोघ्यांनी फोन जमा केला, पण दिवसभर त्यांचं कागदांत लक्ष नव्हतं. दुपारी जेवलेही नाहीत. "अहो, आठवड्याला लाखो मिळतात त्याला," मी म्हणालो. "एवढं काय?"

"त्याच्या बायकोने घर रिकामं केलंय," मोघे म्हणाले. "मुलांना नव्या गावच्या शाळेत घातलंय. पैशाचं काय घेऊन बसलात, माणूस दोन घरांच्या मध्ये लटकलाय."

संध्याकाळी फोन हातात आला. व्यवहार फिसकटला होता. मोघे बुओना व्हिस्टा येईपर्यंत तीच बातमी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

गेल्या वर्षी जुलैत कंपनीने आमचं एक युनिट बंद करायचं ठरवलं. माझ्या हातात एक महिन्याची नोटीस पडली. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, गेला की त्याला जोडलेले बायकोचे आणि मुलीचे पासही जाणार. इरा सहावीत होती. इथे सहावीची परीक्षा म्हणजे आपल्याकडच्या दहावीहून कडक, त्यावर मुलांच्या पुढच्या शाळा ठरतात. परीक्षा सप्टेंबरअखेर. दोन वर्षं ती पोर त्यासाठी घासत होती. मी बसमध्ये मोघ्यांना सांगितलं, तेव्हा खरं तर मला फक्त कोणाला तरी सांगायचं होतं.

"करार उद्या घेऊन या," ते म्हणाले.

"त्यात काय असणार? एक महिना म्हणजे एक महिना."

"कलम काय म्हणतं ते मला बघू द्या."

आठवडाभर माझा अकरा पानी करार त्यांच्या मांडीवर होता. त्या आठवड्यात युरोपातला एक मालक तुरुंगात गेला, तरी मोघ्यांनी त्याची दखल घेतली नाही. शुक्रवारी त्यांनी सातव्या पानावर बोट ठेवलं. युनिट बंद झालं तर इंजिनिअरने सगळ्या ड्रॉइंगांचं आणि यंत्रांच्या नोंदींचं रीतसर हस्तांतर पूर्ण करून द्यायचं, असं तिथे लिहिलं होतं.

"हे माझ्यावर बंधन आहे," मी म्हणालो.

"दोरीला दोन टोकं असतात, दामले. तुम्हाला ते पूर्ण करायला लावणं त्यांच्यावरही बंधन आहे. किती ड्रॉइंगं आहेत?"

"असतील दोन हजार."

मोघे इतके प्रसन्न हसलेले मी आधी कधी पाहिले नव्हते.

एचआरच्या बाईंकडे ते माझ्याबरोबर आले. "तुम्ही कशाला?" बाईंनी मोघ्यांना विचारलं. "मी याचा एजंट," मोघे म्हणाले. बाईंना हसू आलं, पण मोघे हसत नव्हते. त्यांनी पाऊण तास आवाज न चढवता, कपाळाला आठी न घालता हिशेब मांडला. दोन हजार ड्रॉइंगं, दिवसाला इतकी, सुट्ट्या वजा जाता इतके दिवस. मध्येच काम सोडलं तर उद्या सुरक्षा तपासणीत उत्तर कोण देणार? त्यांनी विनवणी केली नाही आणि माझ्या मुलीचं नावही काढलं नाही. शेवटी बाईंनी फाईल वरिष्ठांकडे नेली. चार दिवसांनी मला ऑक्टोबरअखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली.

त्या पत्रावर सही करायला गेलो तेव्हा बाई सहज म्हणाल्या, "तुमचे एजंट मात्र विचित्र आहेत. कपातीच्या यादीत त्यांचंही नाव आहे. त्यांच्याही करारात असंच काहीसं कलम आहे, मी दाखवलं त्यांना. नको म्हणाले."

मला खाली जायला लिफ्ट मिळेना, म्हणून मी जिन्याने गेलो. मोघे टेबलाचा खण आवरत होते.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

"त्यात सांगण्यासारखं काय? मी पीआर आहे, इथला कायमचा रहिवासी, मला देशातून कोणी काढत नाही."

"पण स्वतःसाठी एक शब्द तरी बोलायचा होता."

"दोघांसाठी मागितलं असतं तर एकालाही मिळालं नसतं. मागणी एकच ठेवावी लागते." मग जरा थांबून, खणातल्या टाचण्या डबीत भरत ते म्हणाले, "आणि माझ्या घरी कोणाची परीक्षा आहे?"

त्यांची पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. चार वर्षं शेजारी बसून मी त्यांना युरोपातल्या सगळ्या बायकामुलांबद्दल विचारलं होतं.

ऑगस्टअखेर मोघे बसमधून नाहीसे झाले. परीक्षेच्या आठवड्यात नेमकी माझी सासू पुण्यात पाय घसरून पडली, आणि माझी बायको आरती तिकडे गेली. माझी बस सहाची, शाळा साडेसातची. मी मोघ्यांना फोन केला. "किती वाजता येऊ?" एवढंच त्यांनी विचारलं.

परीक्षेचे चारही दिवस ते इराला शाळेत घेऊन गेले. पहिल्या संध्याकाळी मी तिला विचारलं, "मोघेकाकांनी फुटबॉलच्या गोष्टी सांगून डोकं खाल्लं का?"

"नो ला, बाबा. अंकल डिडन्ट टॉक अ‍ॅट ऑल. मी एमआरटी ट्रेनमध्ये रिव्हाइज करत होते ना."

"आणि मग?"

"मग मी आत गेले. बाहेर आले तर ही वॉज स्टिल देअर. सेम बेंच."

"तो सगळा वेळ?"

"हो. मी विचारलं घरी का नाही गेलात, तर म्हणाले, घरी काय आहे." इराने दप्तर खांद्यावरून उतरवलं. "सगळ्यांचे पेरेंट्स पेपर कसा गेला विचारत होते. अंकलनी विचारलंच नाही. म्हणाले, भूक लागली असेल. मग आम्ही हॉकर सेंटरला जाऊन नूडल्स खाल्ले. बाबा, उद्यापण तेच येणार ना?"