सासूबाईंची दाढ आणि छतावरचा सिनेमा

माझ्या दवाखान्यात पेशंट ओरडत नाही! बावीस वर्षं दात काढतोय, उगाच नाही सांगत. पण सासूबाई? तीन वर्षं दाढ किडतेय, एकाच बाजूने चावतायत, पण माझ्या खुर्चीत बसतील तर शपथ! परवा तर भरल्या ताटावरून उठल्या. बायकोने मला बजावलं, "आज आईची दाढ निघाली नाही, तर भिंतीवरची ती डिग्री उतरवून ठेवा!"

मग मी शक्कल लढवली. खुर्चीच्या बरोब्बर वर, छताला टीव्ही ठोकला आणि सासूबाईंचा लाडका जुना सिनेमा लावला. प्रेम, गैरसमज, धावपळ, शेवटी लग्न. त्यांनी तो चाळीस वेळा पाहिलाय. चाळीस वेळा बघण्यासारखं त्यात असतं तरी काय, देव जाणे!

बाई आपण होऊन खुर्चीत आडव्या झाल्या.

"आई, आ करा."

"थांबा हो! तो आता तिच्या कपाटात लपतोय."

त्या हसायला लागल्या आणि मी भुलीचं इंजेक्शन देऊन मोकळा! गाल बधिर झाला. मी चिमटा उचलला. तेवढ्यात त्या पुन्हा खुदखुदल्या.

"काय झालं?" मी सहज विचारलं.

"तिचे वडील आलेत. कपाटालाच टेकून बसलेत!"

"अरे बाप रे! मग?"

"बघा की!"

मी बघितलं. एकदाच हं! पण कपाटात तो शिंकला, आणि वडील चक्क कपाटालाच म्हणाले, "काळजी घ्या." आता पुढे काय होणार, हे कळल्याशिवाय माणूस दाढ कशी उपटणार? मी स्टूल ओढलं. मान वर ती वरच. शेवटी त्या दोघांचं जमलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझेही डोळे पाणावले.

सासूबाई उठल्या, बधिर गाल चाचपला आणि थेट बाहेर बसलेल्या लेकीकडे.

"अगं, काढलीसुद्धा! कळलंच नाही मला! जावईबापूंच्या हातात जादू आहे!"

त्यांनी लगेच बहिणीला फोन लावला. बायकोने लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. हातातला चिमटा अजून कोरा करकरीत होता.

भूल उतरायला अजून तासभर आहे. तेवढा वेळ तरी मिरवून घेतो!