तिरुमलरावांची वाटी

पंप दुरुस्त करणाऱ्या तिरुमलरावांचा कायदा लष्कर मोहल्ल्यापासून बन्नूरपर्यंत प्रत्येक पंपवाल्याला पाठ होता. एकदा उघडलं की जुनं काही परत आत जाणार नाही! जो भाग काढायचा, त्याला ते पिवळा ऑइल पेंट फासत. दुपारपर्यंत सगळा पंपच पिवळा होई.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्यानं हात टेकले, तेव्हा ते हॉस्पिटलात ऐटीत म्हणाले, "सगळं बदला."

"काका, मांडीच्या नि नडगीच्या हाडाची टोकं बदलतेच," डॉक्टर यशस्विनी म्हणाल्या. "वाटीचं दोन तऱ्हांनी करतात. मागची बाजू कापून प्लास्टिकची चकती बसवायची, नाहीतर कडा साफ करून तुमचीच ठेवायची. दोन्हींत माणसं नीट चालतात. उघडून बघते, मग ठरवते."

उघडून बघते! चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकलेलं हे वाक्य आज स्वतःला ऐकावं लागलं, आणि ते फार झोंबलं. जुनी वाटी ठेवली, पुढं ती दुखायला लागली, तर परत चिरफाड कोण सोसणार?

ऑपरेशनच्या सकाळी बायको, अनुसूयाबाई, फॉर्म भरायला खाली गेल्या. तिरुमलरावांनी टॉनिकच्या बाटलीतून आणलेला पेंट काढला आणि गुडघ्याची वाटी झकास रंगवून टाकली. आता ही डॉक्टर पोरगी वाटी बदलायला विसरायची नाही. कुठला पाय चिरायचा त्या खुणेचा बाण डॉक्टरांनी तिथं काढला होता, तोही रंगाखाली गडप झाला.

थिएटरच्या दारात नर्स मेघाश्रीनं चादर उचलली.

"अय्यो, इदेनु अज्जा? हे काय केलं? बाण कुठाय?"

"बदलायचा पार्ट आहे तो. आमच्यात असंच करतात."

सगळं थांबलं. डॉक्टर आल्या, कागद पुन्हा तपासले, फोटो पुन्हा पाहिले. मग त्या म्हणाल्या, "रंग काढताना कातडी जरा जरी सोलली, तर आजचं ऑपरेशन रद्द. जखमेवर सुरी चालवत नाही मी."

सहा महिने रात्रंदिवस ठणकणारा गुडघा घेऊन परत घरी? मेघाश्री कापसानं हलके हलके पुसत होती. पंपाच्या लोखंडावर टिकणारा ऑइल पेंट तो! लावलेला रंग सहजी निघेल कसा? पाऊण तास तिरुमलराव श्वास धरून पडले. शेवटी डॉक्टर वाकून म्हणाल्या, "कातडी शाबूत आहे. घ्या आत."

कमरेखाली सुन्न, वर लख्ख जागे. पडद्यापलीकडे करवत, मग हातोडी. मग शांतता.

"काका, वाटी सरळ सरकतेय, मागचं अस्तरही छान आहे. ठेवू? बघायचीय?"

समोरच्या स्क्रीनवर ती दिसली. पांढरी, ओली, चिंचोक्यासारखी गुळगुळीत. तिरुमलराव बघतच राहिले. अडुसष्ट वर्षं! लाखो उठाबशा, पंपापुढं उकिडवं बसणं, चामुंडीच्या डोंगराच्या पायऱ्या. ना तेल, ना ग्रीस, ना कुणी उघडून पाहिलेली. असलं काम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"पॉलिश कुणी केलंय हो हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच. चालून चालून."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भूलतज्ज्ञ घाबरून जवळ आले. "दुखतंय का?"

"नाही हो," तिरुमलराव म्हणाले. "ठेवा तिला. ही माझ्या दुकानात आली असती, तर न बघताच भंगारात टाकली असती मी."

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "रडा, पण हलू नका. शिवायचंय मला."