घाईचं लोखंड

गंगाराम आगवाल्यावर अन्याय झाला तो बोट तडकली त्या पहाटे नव्हे. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण उरकल्यावर बोटीवरच्या गोऱ्या साहेबानं बोटीच्या वहीत ‘आगवाल्यांची हलगर्जी’ असं लिहिलं, तेव्हा झाला.

हे मला सांगितलं आमच्या लालबागच्या चाळीतल्या बाबीतात्यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते त्याच मालवाहू बोटीवर आगवाल्यांचे, म्हणजे भट्टी पेटती ठेवणाऱ्यांचे, मुकादम होते. माणूस विक्षिप्त. कुठलीही वस्तू बोटांनी ठोकून, कान लावून ऐकल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. जिना ठोकतात, कपाट ठोकतात. शिवाजी पार्कवर आमच्या संयुक्त महाराष्ट्राच्या सभेआधी व्यासपीठाच्या फळ्या ठोकत बसले. पुढारी खाली ताटकळत!

“तात्या, उठा आता!”

“गप रव, झिला. पुढारी पडलो तर तुझो महाराष्ट्र कोण आणतलो?”

ती बोट दीड महिन्यात बांधलेली. रिबिटा ठोकून पत्रे जोडायला वेळ कुणाला? पत्र्याला पत्रा वितळवून डागला नि लोटली समुद्रात. गहू, तोफगोळे, खेचरं, मिळेल ते वाहिलं तिनं. तात्या तिला ‘घायचा लोखंड’ म्हणतात. आपल्या माथी मारलेल्या द्विभाषिक राज्यालाही तेच: “जबरदस्तीचो जोड! थंडी पडली की तडाकतलो.” मी हे पत्रकात छापलं.

उत्तरेच्या गार पाण्यात बोटीचा जोड खरोखरच तडकला. खाली भट्टीपाशी गंगाराम होता. पाणी आत घुसलं, तो बुडाला. बोटीला ठिगळ लावून पुढं वर्षानुवर्षं दामटली, आणि त्याची बायको चिंचपोकळीत ‘त्या हलगर्ज्याची बायको’ झाली!

आता ती बोट दारूखान्याच्या भंगार-बंदरात मोडायला आलीय. परवा ठिगळ निघालं. खाली जुना जोड, शिवण उसवावी तसा सरळ उसवलेला. यात आगवाल्याचा काय संबंध? हा पत्रा बोट कंपनीच्या कचेरीत नेऊन आपटला की वहीतली ओळ खोडावीच लागेल. मला सोबत नेऊन तात्यांनी ठेकेदाराकडे तो मागितला.

“भंगार आहे ते. मंगळवारी भट्टीत जाणार,” ठेकेदार म्हणाला.

परतताना तात्या चिंचपोकळीला वळले. रोज वळतात, हे मला तेव्हा कळलं. गंगारामच्या बायकोच्या दाराशी त्यांनी पाण्याच्या दोन कळश्या भरून ठेवल्या. उंबरा ओलांडला नाही.

“आत का जात नाही?” मी विचारलं.

“जोड कुरकुरता, असा गंगारामान माका सांगल्यान होता. मी साहेबाक सांगलंय. साहेब म्हणालो, गप कामाक लागा. मगे मीच धाडलंय त्याका खाली.”

वाचणाऱ्या, सोमवारी सकाळी आठला दारूखान्याच्या फाटकावर ये. एकटा नको, चाळ घेऊन ये. तो पत्रा आपल्या हाती पडेपर्यंत आतून भट्टीकडे जाणारी एकही हातगाडी बाहेर सोडू नकोस.