मांजराखालचा नंबर

वॉशिंग मशीन बंद पडलं तेव्हा काका मनातून खूश झाले. मशीनच्या पोटात अर्धी बादली पाणी तुंबलेलं, त्यात काकांचे दोन शर्ट आणि एक चादर भिजत पडलेली, पण काका मात्र हात मागे बांधून हसत उभे होते. त्यांनी आपल्या गॅरंटी रजिस्टरचं पान उघडून काकूंपुढे धरलं.

"बघ. आज शेवटचा दिवस. उद्या बंद पडलं असतं तर?"

"तर उद्या हाताने धुतले असते," काकू म्हणाल्या. "आज मला वेळ नाही. पाच वाजता परीक्षक येणारेत लायब्ररीत."

काकांनी चौतीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड विभागात काढली होती आणि निवृत्त होताना तो विभाग जणू सोबत घरी आणला होता. घरात आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या हाताखालून जाई. त्याची पिन निघे, दुमडलेले कोपरे नखाने सरळ होत, आणि मग तो फायलीत जाई. दर वर्षाच्या पहिल्या आठवड्यात काका जुने कागद उपसत. ज्याचं काम संपलं, त्याच्या पाठीवर लाल शाईने 'मुदत संपली' असं लिहून खाली छोटी सही ठोकत. बिल्डिंगमध्ये त्यांना 'फाईलकाका' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

काकूंचं नेमकं उलटं. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून झाल्यावर त्यांनी शिवणयंत्राला वेगळ्याच कामाला जुंपलं होतं. पाकिटांच्या आतली निळी नक्षी, औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे, विटलेले पडदे, कॅसेटची फीत, तुटक्या झिपा, घड्या पडून फाटलेले नकाशे यातून त्या वह्या करत. कागदावर कापड, कापडावर रंग, रंगावर टाके, आणि मधेच कुठेतरी चार ओळी लिहिलेल्या. सगळा कच्चा माल टेबलाखालच्या पत्र्याच्या पेटीत असे. काका त्या पेटीला 'उकिरडा' म्हणत, आणि आल्यागेल्यासमोर अंमळ मोठ्यानेच म्हणत.

यंदा मात्र त्यातली एक वही लायब्ररीच्या प्रदर्शनात काचेच्या कपाटात ठेवली होती आणि तिच्यापुढे काकूंचं नाव छापलेली चिठ्ठी लागली होती. काकूंचं नाव असं छापून याआधी कुठेच आलं नव्हतं. सोमवारपासून त्या चार वेळा पुस्तक बदलायला जाऊन आल्या होत्या. एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं.

तीन वाजता मेकॅनिक आला. पन्नाशीचा, जाड मिशांचा, गळ्यात कंपनीचा बिल्ला, खांद्याला पिशवी आणि बोलणं अगदी सावकाश.

"कार्ड बघितल्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही," तो म्हणाला.

"वा! असाच माणूस पाहिजे," काका म्हणाले आणि डोळे मिटून फाईल काढून, डोळे मिटूनच त्यातलं कार्ड काढून त्यांनी त्याच्या हातात दिलं.

मेकॅनिकने कार्डावरचा नंबर वाचला. वाकून मशीनच्या पाठीवरचा नंबर वाचला. परत कार्ड बघितलं.

"काका, हे कार्ड नऊ वर्षांपूर्वीच्या मशीनचं आहे."

"छे! ते मशीन केव्हाच भंगारात गेलं."

"तेच म्हणतोय. ज्याचं कार्ड आहे ते मशीन नाही, आणि मशीन आहे त्याचं कार्ड नाही."

काकांनी फाईल उलटी केली, झटकली, शेजारच्या दोन फायलीही झटकल्या. काही पडलं नाही. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. आणि आपल्या हातून असं होऊच शकत नाही हे पक्कं असल्यामुळे काकांना गुन्हेगार शोधायला वेळ लागला नाही.

"अगं! माझ्या फायलीतनं कार्ड काढलंस तू?"

"मी तुमच्या फायलींना हात लावत नाही," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "कसं होतं कार्ड?"

"पांढरं. कडेने निळी नागमोडी वेलबुट्टी."

काकूंचा चेहरा उतरला. "अहो, ते पान सतरावर आहे."

"कसल्या पान सतरावर?"

"वहीच्या. मी त्याचं घर केलंय."

काका खाली बसले. मेकॅनिकने पिशवी खांद्यावरून काढली आणि तोही बसला, कारण हे प्रकरण लांबणार हे त्याने ओळखलं होतं.

"पण तुझ्याकडे आलं कसं ते?"

"पेटीत होतं. पेटीत जे येतं ते मी वापरते. कुठून आलास म्हणून विचारत नाही."

मेकॅनिकने नियम सांगितला. कार्डाच्या पुढचा नंबर आणि पाठीमागचा दुकानाचा शिक्का, दोन्ही सहाच्या आत कंपनीला कळवले तर काम फुकट. नाहीतर नाही.

"ठरलं तर मग," काका उठले. "पान फाडून आणायचं. नंतर परत चिकटव."

"ती वही एका धाग्यात बांधलीय," काकू म्हणाल्या. "एक पान ओढलं की सगळी सुटते. आणि पाचला परीक्षक येणारेत."

"एका उकिरड्यापायी मी गॅरंटी सोडू?"

 काकूंनी चपला घातल्या. काकांनी त्यांच्या नकळत छोटी कात्री शर्टाच्या खिशात टाकली, आणि तिघं लायब्ररीकडे निघाले.

दारातच ग्रंथपाल बाई भेटल्या. त्यांनी मेकॅनिकच्या गळ्यातला बिल्ला पाहिला, हातातली टॉर्च आणि टिपणवही पाहिली, कपाळावरची गंभीर आठी पाहिली.

"या, या! लवकर आलात. आम्ही पाचला धरून चाललो होतो."

काका खुलासा करणार होते. पण मेकॅनिकचं इतक्या मायेने स्वागत वीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याच दारात झालेलं नव्हतं. त्याने काकांना कोपराने हळूच ढोसलं आणि तो आत शिरला. बाईंनी लगबगीने किल्ली आणून कपाट उघडलं, टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि वही त्याच्यापुढे ठेवली.

"पान सतरा," काका त्याच्या कानात म्हणाले.

"मी पहिल्या स्क्रूपासून सुरुवात करतो," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने पहिलं पान उघडलं.

सवयीप्रमाणे त्याने प्रत्येक पानाचे सांधे तपासले. टाक्यांवरून नख फिरवलं. तांब्याच्या तारेची फुलं असलेल्या पानावर टॉर्च मारली. "सैल नाही कुठे," तो पुटपुटला आणि तसं लिहून घेतलं. झिपेची नदी केलेल्या पानावर त्याने झीप उघडली, आत रंगवलेले मासे बघितले आणि हळूच बंद केली. मग परत उघडली. वाचनालयातली मंडळी वर्तमानपत्रं ठेवून भोवती जमली. इतक्या बारकाईने पाहणारा परीक्षक त्या गावाने पाहिला नव्हता.

"कोणी केलंय हो हे?" एका बाईने काकांना विचारलं.

"आमच्याकडेच झालंय," काका म्हणाले, आणि त्यांची छाती त्यांना न विचारताच पुढे आली. "ही निळी नक्षी दिसते ना? पाकिटाच्या आतली आहे. लोक पाकीट फाडतात आणि सरळ टाकतात! ही पिवळी पट्टी साबणाच्या वेष्टनाची. उन्हात धरली तर सोनेरी दिसते. आणि तो नकाशा बघा, घडीवर विरला होता ना, बरोबर तिथेच हिने रस्ता शिवलाय."

काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. काकांच्या ते लक्षात आलं, तसे ते खोकले आणि छताकडे बघू लागले.

पान सतरा आलं. गॅरंटी कार्ड आडवं शिवून त्याचं घर केलेलं होतं. नागमोडी वेलबुट्टी म्हणजे घराभोवतीची बाग, वर पुठ्ठ्याचं छप्पर आणि अंगणात काळ्या कापडाचं एक लठ्ठ मांजर. मेकॅनिकने नंबर वाचायला घेतला आणि तो अडला.

"शेवटचे चार आकडे मांजराखाली आहेत."

"मांजर उठतं," काकू पुढे झाल्या. त्यांनी शेपटीखालचं टिचबटण उघडलं. मांजर एका बाजूला झालं. खाली चार आकडे होते. मेकॅनिकने ते लिहून घेतले.

"मांजराखाली नंबर!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "काय डोकं चालवलंय!"

"आता पाठीमागचा शिक्का," मेकॅनिक म्हणाला. "तेवढं उसवावं लागेल."

काकूंनी चिठ्ठीवरच्या आपल्या नावाकडे पाहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. वही सुटली असती तर परीक्षकांपुढे पानांचा नुसता ढीग राहिला असता.

"उसवा," त्या हळूच म्हणाल्या. "मशीन रोज लागतं. वही काय, परत करीन."

"खबरदार!" काका असे ओरडले की 'शांतता पाळा' ही पाटी भिंतीवर शरमून गेली असेल. त्यांनी खिशातली कात्री काढली आणि ती ग्रंथपाल बाईंच्या हातात कोंबली. "ही ठेवून घ्या. माझ्या हातात नको. कोणी धाग्याला हात लावायचा नाही. हे काही परत होत नसतं! गॅरंटी गेली खड्ड्यात. चादरीसकट सगळं मी हाताने धुईन!"

 काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काका, ओरडू नका," मेकॅनिक म्हणाला. "वरून शिवलेलं नाहीये. खिसा आहे हा. टॉर्चने दिसतंय." काकूंनी कपाळावर हात मारला; आपणच ठेवलेला खिसा त्या घाबरून साफ विसरल्या होत्या.

त्याने खिशाचं तोंड दोन बोटांनी फाकवलं, आत टॉर्च मारली आणि डोकं उलटं करून वाचू लागला. "शिक्का आहे. दुकानाचा. तारीख आहे. बरोबर. अजून काहीतरी आहे. लाल शाईत."

काकांचा चेहरा त्या शाईच्या रंगावर जाऊ लागला.

"मोठ्याने वाचायची गरज नाही," ते म्हणाले.

पण मेकॅनिक नियमाने चालणारा माणूस होता. "मुदत... संपली. पेटीसाठी. कडा... फार सुंदर आहेत. कापू नये. खाली सही आहे." त्याने मान सरळ केली. "काका, सही तुमची आहे का?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. दोन्ही कार्डांना एकसारखी वेलबुट्टी होती. जानेवारीत कागद उपसताना काकांनी मेलेलं कार्ड फायलीत ठेवलं होतं आणि जिवंत कार्डावर लाल शाई चालवून ते गुपचूप पेटीत टाकलं होतं.

"म्हणजे, मला वाटलं, ती रद्दीच," काका चाचरले. "एखाददुसरा कागद कधीतरी टाकतो मी."

"एखाददुसरा?" काकू डोळे पुसत हसल्या. "सात वर्षं पिना काढलेले, कोपरे सरळ केलेले कागद आपल्या पायांनी पेटीत चालत येतात होय? मला काय कळत नव्हतं? म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल."

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई पुढे आल्या. "मी परीक्षक," त्या म्हणाल्या. "मगाचपासून रांगेत आहे."

"मग हे कोण?" ग्रंथपाल बाईंनी कात्री मेकॅनिककडे रोखून विचारलं.

"मी वॉशिंग मशीनचा."

"असू दे," परीक्षक बाई म्हणाल्या. "तुमचं काय मत पडलं?"

मेकॅनिकने टिपणवही मिटली. "बाई, वीस वर्षं लोकांनी जोडलेल्या वस्तू उघडतोय. एवढी जीव लावून जोडलेली वस्तू पहिल्यांदा बघितली."

परीक्षक बाईंनी तेच वाक्य आपल्या वहीत लिहून घेतलं. निकाल रविवारी लागायचा होता, पण काका रविवारची वाट बघणारे नव्हते. सगळ्यांदेखत त्यांनी लाल पेन काढलं. चिठ्ठीवर काकूंच्या नावाखाली 'साहित्य : टाकाऊ कागद' असं छापलेलं होतं. काकांनी 'टाकाऊ' खोडलं, वर 'निवडक' लिहिलं आणि बाजूला सही केली.

"माझ्या चिठ्ठीवर तुमची सही कशाला?" काकूंनी विचारलं.

"दुरुस्ती केली की सही करावी लागते," काका म्हणाले.

सहाला दहा कमी असताना कंपनीने कार्ड मान्य केलं. घरी येऊन मेकॅनिकने एकदाचा पहिला स्क्रू फिरवला, खालचं झाकण उघडलं, आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर मुठीएवढा लगदा बाहेर आला. त्याने तो तळहातावर घेऊन बोटाने उलगडला. बसची तिकिटं होती, फळांवरची चिकट लेबलं होती, कसल्यातरी वेष्टनाचा जांभळा कागद होता. सगळ्यांचे कोपरे नीट सरळ केलेले.

"कोणाच्या तरी शर्टाच्या खिशात राहिलेलं दिसतंय," तो म्हणाला. "हे गॅरंटीत बसत नाही."

काकांनी वाद घातला नाही. मुकाट्याने पाकीट आणायला आत गेले. मेकॅनिक जाताना पिशवीत काहीतरी शोधत राहिला, मग त्याने एका जुन्या मशीनच्या वायरिंगचा भलामोठा छापील नकाशा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या पेटीत असू दे," तो काकूंना म्हणाला. "पिना काढल्यात."

तो गेल्यावर काकूंनी सुईच्या टोकाने लगद्याचे थर सोडवले आणि एकेक ओला कागद चिमट्याने दोरीला लावला. काका शेजारी चिमटे घेऊन उभे होते.

"तो जांभळा कापू नकोस हं," ते म्हणाले. "कडा चांगल्या आहेत."

"लाल शाईने लिहून द्या," काकू म्हणाल्या, आणि हात पुढे करून त्यांनी पुढचा चिमटा घेतला.