एकेचाळीस नव्या चुकांसह

फान्तिन छापखानेवाला वारला तेव्हा त्याच्या पुस्तकात एकही चूक नव्हती, आणि त्याच्या विधवेवर पुढे जो प्रसंग ओढवला तो केवळ त्यामुळेच. छापण्याची हक्कपत्रं देणाऱ्या कचेरीच्या वतीने मी हे आधीच स्पष्ट करून ठेवतो. व्हेनिसात हल्ली काहीही बिघडलं की आम्हा कारकुनांच्या नावाने बोटं मोडायची पद्धत पडली आहे.

पुस्तक घरगुती औषधांचं होतं. फान्तिनने बारा वर्षं सुइणींच्या, औषधवाल्यांच्या आणि नावाड्यांच्या दारात बसून एकेक उपाय विचारून घेतला होता. प्रत्येक उपाय आधी स्वतःवर करून पाहिला. एका लेपाने भुवया गेल्या, तो तेवढा गाळला. प्रती संपल्या, मग फान्तिनही संपला. आता त्याच्या विधवेला, ओर्सोलाबाईंना, ते पुस्तक पुन्हा छापायचं होतं आणि त्यासाठी दहा वर्षांचं हक्कपत्र हवं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते छापता आलं नसतं. हक्कपत्राशिवाय छापण्यात राम नव्हता. पलीकडच्या गल्लीतला माफेओ कुणाचंही पुस्तक शाई वाळायच्या आत उचलतो, रद्दी कागदावर छापतो, आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढे गुडघे टेकतो.

आमचा नियम साधा आहे. हक्कपत्र फक्त नव्या पुस्तकाला. जुनं असेल तर ते सुधारलेलं हवं. म्हणून तर व्हेनिसात कुठलंही पुस्तक घ्या, पहिल्या पानावर 'नव्याने सुधारून' हे असतंच. गेल्या वर्षी एका कोऱ्या वहीवरही होतं. आम्ही हक्कपत्र दिलं.

"काय सुधारलंत?" मी बाईंना विचारलं.

"काही नाही. त्यात चूकच नाही."

"मग कसं जमणार? चूक नाही म्हणजे सुधारणा नाही. सुधारणा नाही म्हणजे पुस्तक नवं नाही."

"म्हणजे नवऱ्याने काम नीट केलं हा माझा गुन्हा?"

"गुन्हा नाही हो बाई. त्रुटी. अर्जात त्रुटी आहे."

पण मीही माणूस आहे. बाई हिरमुसून उठल्या तेव्हा मीच त्यांना परत बसवलं आणि मार्ग सांगितला: आधी चुकांची आवृत्ती काढा, मग त्या चुका सुधारून आमच्याकडे या. मग किती चुका लागतील, एवढंच त्यांनी विचारलं. चाळिसाच्या वर असल्या की आमचे वरिष्ठ मोजत नाहीत, असं मी सांगितलं. त्यांनी घरी बसून चाळीस निरुपद्रवी चुका घातल्या, रडत रडत. एकेचाळिसावी सुचेना, ती मी दिली. 'खोकल्यावर बदकाची चरबी छातीला लावून चोळावी' असं होतं, त्यातलं 'छातीला लावून' काढलं आणि 'चोळावी'चं 'गिळावी' केलं. माझं मलाच कौतुक वाटलं.

आवृत्ती म्हणजे ती विकायला ठेवायला हवी. बाईंनी सहा प्रती काढून दुकानात मांडल्या. सहावी माफेओने नेली.

चार दिवसांत माफेओचा अर्ज आला. मजकूर तोच, चुका त्याच, फक्त फान्तिनचं नाव काढून टाकलेलं. सुधारणा एकच होती, पण ठळक होती. वरिष्ठांनी जेवणापूर्वी सही केली.

त्यानंतर आठवड्याने ओर्सोलाबाई चुका सुधारून आल्या, आणि त्यांना वस्तुस्थिती सांगण्याची वेळ माझ्यावर आली. त्या एकेचाळीस चुका आता दहा वर्षं माफेओच्या मालकीच्या. त्या सुधारणं म्हणजे परक्याच्या मालमत्तेची मोडतोड. बरं, फान्तिनचं मूळ पुस्तक जसंच्या तसं छापावं, तर ते माफेओच्या पुस्तकाची नक्कल ठरतं, तीही एकेचाळीस ठिकाणी फसलेली. प्रती जप्त होतील, दंड वेगळा.

"पण बरोबर कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"नवं की जुनं एवढंच ही कचेरी बघते. बरोबर की चूक हे बघणारी कचेरी अजून स्थापन व्हायची आहे."

दरम्यान शहर चरबी गिळू लागलं होतं. खोकला कुणाचा थांबला नाही, पण पुस्तकावर शिक्का होता, त्यामुळे लोक स्वतःच्या छातीलाच दोष देत. बदकं मात्र कालव्यांतून दिसेनाशी झाली.

बाई अकरा सोमवार येत राहिल्या. बाराव्या सोमवारी मला तोड सुचली आणि मी ती टिपणात मांडली. त्या टिपणाची तारीफ वरिष्ठ अजून करतात. माफेओचं पुस्तक जर दप्तरी नोंदलेलं मूळ, तर मुळाहून वेगळं ते सगळं चूक. फान्तिनचं पुस्तक मुळाहून एकेचाळीस ठिकाणी वेगळं, म्हणजे त्यात एकेचाळीस चुका. या चुका दप्तरात पूर्वी कधीच आलेल्या नाहीत. अर्थात नव्या. नव्याला हक्कपत्र मिळतं. अट एकच होती: पहिल्या पानावर खरं ते लिहायचं, 'एकेचाळीस नव्या चुकांसह'. फान्तिनचं नाव राहू द्यायला हरकत नव्हती. चुका त्याच्याच होत्या.

बाई कागद हातात धरून उभ्या राहिल्या. "अख्ख्या गावात एक माणूस बरोबर होता," त्या म्हणाल्या. "आणि तो चुकला असं मान्य करून मी सही करू?"

"सही खाली, बाई. शेजारी तारीख."

त्यांनी केली. नाहीतर फान्तिनचं एक पानही उरलं नसतं. निदान छापलं तरी जाईल, असं त्या जिन्यात स्वतःशीच म्हणाल्या. ते ऐकून मला लाज वाटली. कचेरीच्या वेळेत असं क्वचित होतं.

आता मेर्चेरियाच्या बाजारात दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी असतात. परवा मी तासभर उभा राहून पाहिलं. लोक येतात, बाईंचं पुस्तक उचलतात, पहिलं पान वाचतात, हसतात, बरोबरच्याला बोलावून दाखवतात, आणि माफेओचं घेऊन जातात. दुसरं पान कुणी उलटलं नाही. सुरुवातीला बाई गिऱ्हाइकांना खरं काय ते सांगायच्या. सगळेच दुकानदार असं म्हणतात, असं उत्तर मिळायचं. आता त्या फक्त किंमत सांगतात.

माझ्या बायकोनेही माफेओचंच आणलं. मला खोकला झाला की ती चमचा पुढे करते. कचेरीतली गोष्ट घरी फोडता येत नाही, म्हणून मी गिळतो.

तुम्ही हसताय. खुशाल हसा. फक्त मागच्या खेपेला पुस्तक विकत घेताना तुम्ही दुसरं पान उलटलं होतं का, तेवढं आठवून बघा. आठवत नसेल तर तोंड उघडा, एक चमचा तुमच्यासाठीही आहे.