फुलाकाकूंची मानाची जोडी

"दोनच नावं असली तर माझी पद्धत चालायची नाही," रूपाली म्हणाली. "तिसरं नाव पाहिजे."

पोळा दुसऱ्या दिवसावर आला होता आणि देवळ्याजवळच्या त्या गावात चाळीस घरांचे कर्ते मारुतीच्या पारावर जमले होते. मानाची जोडी वेशीतलं तोरण तोडून पुढे गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा बैल हलत नाही, असा तिथला रिवाज. मान पूर्वी रूपालीच्या काकांचा होता. काका गेले, बैल थकले, काकूने ते विकले आणि तेव्हापासून सावळीराम आणि सोमनाथ यांच्यात जुंपली. गेल्या वर्षी दोघांच्या जोड्या एकदमच वेशीत घुसल्या आणि तिथेच अडकल्या. यंदा मिटलं नाही तर मिरवणूकच बंद, असं पोलीसपाटील नाथाने बजावलं होतं.

रूपाली नाशिकच्या एका कॉलेजात राज्यशास्त्राची प्राध्यापक. लोक मत देताना काय काय डाव टाकतात, यावर ती दहा वर्षं डोकं खपवत होती. 'शेजारीपाजारी मतदान करतात तेव्हा डाव खेळत नाहीत' हे तिच्या नव्या निबंधातलं मुख्य वाक्य. तज्ज्ञांनी निबंध परत पाठवून एवढंच विचारलं होतं, की याला पुरावा काय? पुरावा घेतल्याशिवाय नाशिकला परतायचं नाही, असं ठरवूनच ती एसटीतून उतरली होती.

"प्रत्येक घराने चिठ्ठीवर तिन्ही नावं क्रमाने लिहायची. पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला भोपळा. जास्त गुण त्याचा मान."

"पण या दोघांच्या मधी पडतंय कोण?" नाथा म्हणाला.

"माझं नाव घाला," मागून आवाज आला. काकू, म्हणजे फुलाबाई.

पार खदखदून हसला. "काकू, तुमच्याकडं बैल कुठं हायेत?" सोमनाथने विचारलं.

"मातीचे हायेत की. दर साल पुजते."

"घाला, घाला," सावळीराम म्हणाला. "मातीच्या बैलाचं कुणाला भ्या हाय?"

रूपालीने सगळ्यांच्या सह्या घेतल्या. शास्त्रात कच्चं काही ठेवायचं नसतं.

संध्याकाळी डाळ निवडताना काकूने ती पद्धत पुन्हा समजावून मागितली. एकदा नाही, तीनदा. रूपालीला भरून आलं. दहा वर्षांत तिचं शास्त्र इतक्या आवडीने कुणीही ऐकलं नव्हतं, विद्यार्थ्यांनी तर नाहीच. मग काकू पुरणासाठी वेलची मागायला सावळीरामाकडे गेली आणि येऊन टेकते न टेकते तोच जायफळ मागायला सोमनाथकडे.

सकाळी लाडवाच्या रिकाम्या डब्यात चाळीस चिठ्ठ्या पडल्या. नाथाने पहिली उघडली. "सावळीराम, फुलाबाई, सोमनाथ." दुसरी. "सोमनाथ, फुलाबाई, सावळीराम." तिसरी, चौथी, दहावी, तीच तऱ्हा. रूपालीचा चेहरा उतरत चालला. सावळीरामाची माणसं सोमनाथला तळाला ढकलत होती, सोमनाथची सावळीरामाला, आणि मधली जागा दोन्हीकडून काकूला मिळत होती. सोमनाथचे बैल मातीच्या बैलांपेक्षा उणे, असं या गावात मनापासून कुणाला वाटत असणं शक्यच नव्हतं.

"सावळीराम एकोणचाळीस," नाथाने बेरीज वाचली. "सोमनाथ चाळीस." मग त्याने बेरीज पुन्हा करून पाहिली. "फुलाकाकू एकेचाळीस."

एवढ्या वर्षांत सावळीराम आणि सोमनाथ पहिल्यांदा एका सुरात ओरडले. "ही पद्धतच खोटी हाय!"

"पद्धत काल मान्य होती. सह्या आहेत," रूपाली म्हणाली. आतून ती पार कोसळली होती, पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. "मोडायची असेल तर मोडा. मग मिरवणूक बंद. काय, नाथाभाऊ?"

"बंद म्हंजी बंद," नाथा म्हणाला.

"आवो ताई, पण मातीचे बैल चालत नायत!" सोमनाथ म्हणाला.

"मी चालवते."

संध्याकाळी वेशीशी झुली पांघरलेल्या, शिंगं रंगवलेल्या एकोणचाळीस जोड्या ताटकळत उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे पितळी ताट धरून रूपाली, ताटात वीतभर उंचीची जोडी, शेजारी नवं लुगडं नेसलेली काकू. पण तोरण उंचावर आणि ते बैलांनीच तोडायचं. रूपालीने टाचा उंचावल्या, तरी हातभर कमी पडलं. मागे बैल फुरफुरायला लागले. शेवटी सावळीरामाने तोरणाचं एक टोक सोडलं, दुसरं सोमनाथने, आणि दोघांनी ते वाकून मातीच्या शिंगांपर्यंत खाली धरलं. काकूने ताटातली जोडी हळूच पुढे सरकवली. जीर्ण सुतळी तटकन तुटली.

"तुझ्या काकांच्या माघारी पयल्यांदा आपल्या घरचे बैल वेशीतून गेले गं," काकू म्हणाली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

घरी आल्यावर रूपालीने विचारलं, "काकू, खरं सांग. काल त्या दोघांकडे काय बोललीस?"

"तू शिकवलंस तेच. मला दुसरं लिहा, म्हंजी त्यो तळाला जाईल. दोघांनी घरोघर निरोप धाडले."

"आणि तुझी चिठ्ठी?"

"पयलं माझंच नाव. एका गुणानं तर जिंकले!"

रूपालीने लॅपटॉप उघडला. 'डाव खेळत नाहीत' पुसून तिने 'डाव खेळतात' असं लिहिलं. पुरावा लाडवाच्या डब्यात होताच.

"पुढल्या साली दुसरी पद्धत आणशील का?" काकूने विचारलं.

"आणणार म्हणजे आणणारच. पण तुला आधी सांगणार नाही."

"नको सांगू." काकूने तिच्या ताटात पुरणपोळी वाढली. "खाऊन तर बघ. वेलची सावळीरामाची हाय, जायफळ सोमनाथचं."